पाचोळ्यातला पाहुणा

मे महिना सरत आला होता. अशाच एका सकाळी महेंद्र जगधने खराटा घेऊन घराच्या मागच्या अंगणात गेले आणि अंगण न झाडताच परत आले. घडलं ते एवढंच. दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर बायकोशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण जगधने हे सावेडीतल्या समाधान कॉलनीच्या स्वच्छता समितीचे सचिव होते. नागापूरच्या एमआयडीसीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर कारखान्यात लोखंडी कड्यांमधले दोष काढायचे आणि संध्याकाळी तेच काम कॉलनीत विनामोबदला करायचे. कुणाच्या दारात आंब्याची कोय पडली, कुणाच्या गच्चीवरून पाणी ठिबकलं, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. कॉलनीच्या फाटकावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'पाचोळा हाही कचराच आहे.' त्यातला 'ही' लाल रंगात होता. अशा माणसानं खराटा खाली ठेवणं म्हणजे गावच्या पाटलानं स्वतःच्याच शेताचा बांध कोरण्यासारखं होतं.

त्याला कारण होतं. मध्यंतरी कंबर धरल्यामुळे त्यांना वाकता येत नव्हतं आणि अंगण तसंच राहिलं होतं. आंब्याखाली पानांचा चांगला घोटाभर थर साचला होता. त्या थरातलं एक पान त्यांच्या डोळ्यांदेखत आपोआप उलटलं. मग शेजारचं उलटलं. जगधन्यांना वाटलं, चिचुंदरी असेल. म्हणून त्यांनी खराटा उगारला, तर पानांतून एक पक्षी टुणकन उडी मारून पुढे आला. मैनेपेक्षा लहान, गुबगुबीत, आणि शेपूट इतकं आखूड की शिंप्याला कापड पुरलं नसावं असं वाटावं. पाठ हिरवी, पोट बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी, खांद्यावर चमकणारा निळा तुकडा, आणि वळला तेव्हा बुडाखाली कुंकवासारखा लाल. त्यानं जगधन्यांकडे एकदा पाहिलं, शेपटाचं जे काही होतं ते दोनदा खालीवर केलं, आणि पाठ फिरवून पानांत असा मिसळून गेला की तो तिथं होता यावर जगधन्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

ते पायरीवर बसले. खराटा मांडीवर आडवा. तो नवरंग होता, यात शंका नव्हती.

नवरंग त्यांनी शेवटचा पाहिला तेव्हा ते अर्ध्या चड्डीत होते. अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, साकुरदरा नावाची वाडी. तिथं त्यांचं बालपण गेलं. पाऊस यायच्या आधी हा पक्षी कुठूनसा रानात यायचा. कुठूनसा म्हणजे पार दक्षिणेतून, हे त्यांना फार पुढे कळलं. हे पक्षी रात्रीचा प्रवास करतात आणि एखादा दमलेला वाटेत मिळेल त्या झाडाखाली उतरतो, हेही. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की दिवस उगवताना आणि मावळताना रानातून दोन सुरांची शीळ येते, आणि शीळ घालणारा काही केल्या दिसत नाही. दिसला तर अख्ख्या मोसमात एखादवेळ. ज्याला दिसला तो पोरगा शाळेत दोन दिवस राजा असायचा. बाकीचे त्याला आपली करवंदं द्यायचे आणि पुन्हापुन्हा विचारायचे, कुठं बसला होता, काय करत होता. जगधने एकदा असे राजा झाले होते. खिशातल्या करवंदांनी चड्डीला पडलेले डाग आईनं घासघासून काढले होते आणि ते निघाले नव्हते. चड्डीचा तो खिसा, ते डाग, ओल्या पानांचा तो कुबट-गोड वास, सगळं सावेडीच्या त्या पायरीवर त्यांच्या अंगावर एकदम आलं, आणि क्वालिटी इन्स्पेक्टर असूनही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी बायकोला हाक मारली. त्या शाळेत शिकवत, त्यामुळे सगळ्या कॉलनीच्या त्या प्रज्ञाबाई. कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, जगधन्यांचं बोट गेलं तिकडे बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या की पानं दिसताहेत. जगधन्यांनी सांगितलं की पानांत तो आहे, हलू नको. प्रज्ञाबाई हलल्या नाहीत. पक्षीही हलला नाही. शेवटी हातावरची कणीक वाळली तेव्हा त्या आत गेल्या, आणि जाताजाता उन्हात फार बसू नका असं सांगून गेल्या.

जगधन्यांचा बेत साधा होता. पाहुणा दमलेला आहे. त्याला पाचोळा लागतो, कारण पानं उलटून खालचे किडे खाणं हाच त्याचा संसार. तेव्हा तो आपणहून जाईपर्यंत अंगण झाडायचं नाही. यात कुणाचं काय जाणार होतं?

जाणार होतं ते बिभीषणराव ढाकण्यांचं. बिभीषणराव मूळचे शेवगावचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आणि आता कॉलनीचे अध्यक्ष. साधं 'या, बसा' म्हणाले तरी फलाटावर गाडी लागल्यासारखं वाटायचं. शहरातल्या एका मंडळानं त्या वर्षी सुंदर वसाहत स्पर्धा ठेवली होती. परीक्षक रविवारी येणार होते, आणि बिभीषणरावांनी ढाल ठेवायला आपल्या दिवाणखान्यात जागाही करून ठेवली होती. रोजच्या फेरीत त्यांनी जगधन्यांच्या मागच्या फाटकाच्या फटीतून आत पाहिलं आणि ते थबकले. मग कॉलनीच्या फाटकावरची ती पाटी आठवून त्यांनी पुन्हा पाहिलं.

जगधन्यांनी खरं सांगितलं. बिभीषणरावांनी शांतपणे ऐकून घेतलं, पक्षी पाहायला मागितला, तो दिसला नाही, आणि मग त्यांनी सुचवलं की आपण पानं एका कोपऱ्यात गोळा करू, वर ताडपत्री टाकू, पक्षी ताडपत्रीखाली राहील. बातमी कॉलनीत पसरली तशी आणखी मतं आली. कुणी म्हणालं पिंजरा आणा, कुणी म्हणालं तांदूळ टाका. पलीकडच्या अश्विनीताई म्हणाल्या की त्यांच्या माहेरी कोपरगावला असा पक्षी घरात आला की सत्यनारायण करतात. कसा पक्षी, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, कसाही.

दुसऱ्या दिवशी उन्हानं पानं पापडासारखी वाजू लागली. कोरड्या पाचोळ्यात किडे राहत नाहीत, हे जगधन्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी पाण्याचा पाइप लावला. ज्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं, जिथं जगधन्यांनी स्वतः गाड्या धुण्यावर बंदी आणली होती, तिथं ते भर सकाळी कचऱ्याला पाणी घालताना गच्च्यांवरून दिसले. कुणी काही बोललं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

मग थर कमी वाटू लागला. घंटागाडी आली तेव्हा जगधने नेहमीसारखे फाटकाशी उभे होते, कोण ओला-सुका वेगळा करत नाही ते पाहायला. समोरच्या घरातून पाचोळ्याचं भरलेलं पोतं गाडीत पडलं. गाडी निघणार इतक्यात त्यांनी पुढे होऊन ते पोतं बाहेर ओढलं, खांद्यावर टाकलं आणि घराकडे चालू लागले. गाडीवाल्यानं आजवर गाडीत कचरा टाकण्यावरून भांडणं पाहिली होती. गाडीतून कचरा नेणारा माणूस तो प्रथमच पाहत होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, अजून पाहिजे असंल तर माघं लई हाय." त्यानं ते चेष्टेनं म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच जगधन्यांचे कान तापले. दुसरं पोतं मात्र त्यांनी घेतलं.

गांडुळांचं प्रकरण यापेक्षा वाईट झालं. राहुरीकडे त्यांचा एक ओळखीचा शेतकरी गांडूळखत करायचा. ड्यूटीवर जाण्याआधी जगधन्यांनी स्कूटरवरून जाऊन पाहुण्यासाठी गांडुळांची एक ओलसर पिशवी आणली आणि उन्हात नको म्हणून कारखान्यात आपल्या टेबलाखाली ठेवली. जेवणाच्या सुट्टीनंतर पुण्याहून आलेल्या ग्राहकाच्या माणसांना घेऊन मॅनेजर तपासणी विभाग दाखवायला आले. इथं धुळीचा कणही चालत नाही, असं ते सांगत असतानाच तपासलेल्या कड्यांच्या ट्रेमधून एक गांडूळ सावकाश एका कड्यात शिरलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. जगधन्यांच्या नोकरीत आजवर एकही शेरा नव्हता. त्या दिवशी मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं अतिशय मायेनं विचारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुराव्याशिवाय आपली अब्रू जाणार हे आता त्यांना कळून चुकलं. त्यांनी मोबाईल घेऊन दबा धरला. पान हललं की बटण दाबायचं, असं करत त्यांनी भरपूर फोटो काढले आणि उत्साहाच्या भरात ते सगळे कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. प्रत्येक फोटोत पाचोळा होता. एकात कोपऱ्यात काही हिरवं होतं, पण ते पाइपचं टोक निघालं. ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. कुणीतरी 'गेट वेल सून' लिहिलं.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी वन्यजीवांसाठीच्या एका मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्यानं विचारलं, पक्षी जखमी आहे का? नाही. पकडून ठेवलाय का? ठेवला असेल तर गुन्हा आहे. नाही ठेवला. मग तो आता कुठं आहे? जगधने म्हणाले, दिसत नाही. मग तो म्हणाला की साहेब, पक्षी जखमी नाही, पकडलेला नाही आणि दिसतही नाही, म्हणजे सगळं नियमानुसार चाललंय. यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं. जगधन्यांनी स्वतः हेच उत्तर दिलं असतं.

आता राहिलं मांजर. अश्विनीताईंचा बोका भिंतीवर बसून पाचोळ्याकडे ज्या भक्तीनं पाहायचा, ती पाहिल्यावर जगधन्यांनी संध्याकाळचा पहारा सुरू केला. आंब्याजवळ प्लास्टिकची खुर्ची, हातात काठी, नजर भिंतीवर. आणि पक्षी आहे की गेला हे कळावं म्हणून ते दिवस मावळताना हळूच शीळ घालून पाहत. एक वरचा सूर, एक खालचा. उत्तर यायचं नाही, पण बोका मात्र दचकून पळायचा. जगधन्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. भिंतीपलीकडे, त्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर, अश्विनीताईंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती.

त्या बिचाऱ्यांनी आधी दोन दिवस खिडकी लावून मे महिन्यात पोळ्या लाटल्या. मग नवऱ्याला, सुनीलरावांना, सांगितलं. सुनीलराव भिडस्त, त्यांनी बिभीषणरावांना सांगितलं. बिभीषणराव संध्याकाळी जगधन्यांकडे आले, पाणी प्यायले, हवेबद्दल बोलले, कांद्याच्या भावाबद्दल बोलले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाले, "जगधने, तुमच्यावर माझा लई विश्वास हाय. पण या वयात माणसानं शीळ घालू नये."

अर्थ लक्षात यायला जगधन्यांना थोडा वेळ लागला. आला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. जो माणूस वीस वर्षं कॉलनीतल्या कुठल्याही बाईशी 'ओला कचरा वेगळा ठेवा' यापलीकडे एक वाक्य बोलला नव्हता, त्याच्यावर ही वेळ यावी. आतून प्रज्ञाबाई बाहेर आल्या. नवऱ्याची बाजू त्यांनी अशा जोरात घेतली की बिभीषणराव चप्पल घालायची विसरून दारापर्यंत गेले. पण ते गेल्यावर प्रज्ञाबाईंनी जगधन्यांना सांगितलं की हे आता बस झालं. रविवारी सकाळी ते अंगण त्या स्वतः झाडणार होत्या.

या सगळ्यात एका माणसाला काहीच सांगितलेलं नव्हतं. जगधन्यांची आई, चांगुणाबाई. दोन वर्षांपूर्वी वडील, सहादू, ज्यांना घरात दादा म्हणत, गेले आणि जगधन्यांनी आईला साकुरदऱ्याहून इथं आणलं. तेव्हापासून त्या पुढच्या खोलीत बसून असायच्या. टीव्ही चालू असायचा, त्या तो पाहत नसायच्या. ऐकायलाही कमी येऊ लागलंय, असं घरात सगळे समजून चालले होते. वाडीचा विषय निघाला की त्या उठून आत जायच्या. म्हणून तो विषय कुणी काढत नसे. अंगणात त्यांच्या रानचा पक्षी उतरलाय हे सांगायला जगधने एकदोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते, आणि भाजी काय करायची असं विचारून परतले होते.

रविवार उजाडला. प्रज्ञाबाई पदर खोचून, खराटा घेऊन मागं गेल्या. जगधने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे राहिले. त्यांना ते पाहवणार नव्हतं. खराट्याचा आवाज येईना. बऱ्याच वेळानं प्रज्ञाबाई आत आल्या, खराटा दाराआड ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. चहा गाळताना त्याच म्हणाल्या, "त्याला भुवई आहे. मला कुणी सांगितलंच नाही."

मग मात्र त्या जगधन्यांच्याही पुढे गेल्या. त्यांनी मागच्या फाटकाला कुलूप घातलं आणि बिभीषणरावांना निरोप धाडला की किल्ली सापडत नाही.

परीक्षक सकाळी यायचे होते, ते मोठ्या लोकांच्या रीतीप्रमाणे संध्याकाळी आले. एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राचार्या आणि त्यांच्यासोबत वही घेतलेले दोन गृहस्थ. कॉलनी त्यांनी पाहिली, रांगोळ्या पाहिल्या, कुंड्या पाहिल्या. जगधन्यांचं घर कसंबसं ओलांडून झालं होतं, तेवढ्यात प्राचार्यांना मागचं आंब्याचं झाड आवडलं. किल्ली सापडत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, घरातून जाऊ. त्यांच्या मागून बिभीषणराव, सुनीलराव, अश्विनीताई, आणि मग उरलेली कॉलनी. सगळे मागच्या पायरीवर आणि पायरीखाली उभे राहिले आणि त्यांच्यासमोर, मावळत्या उजेडात, ओला, पोटरीला लागेल असा पाचोळा पसरला होता.

बिभीषणरावांनी डोळे मिटून घेतले. जगधन्यांच्या हातात प्रज्ञाबाईंनी मगाशी दिलेला चहाचा कप होता. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी घोट घेतला. नेमकी तेव्हाच शीळ वाजली.

स्वच्छ, भरदार, दोन सुरांची. सगळ्यांच्या माना जगधन्यांकडे वळल्या. अश्विनीताईंनी तर पदर घट्ट केला. जगधने गाल फुगवून, तोंडात चहा धरून तसेच उभे राहिले. शीळ पुन्हा वाजली, आणि तोंडात चहा असलेला माणूस शीळ घालू शकत नाही ही गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उमटत गेली. जगधन्यांनी घोट गिळला. इतका चवदार चहा त्यांनी कधी घेतला नव्हता.

"कुठं आहे?" प्राचार्यांनी विचारलं. सगळे वाकून पाहू लागले. पण इतके पाय, इतकी कुजबुज. अंगण चिडीचूप झालं. दोघांपैकी एका गृहस्थानं वही उघडली.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागून, दारातून, तीच शीळ वाजली. तशीच भरदार, फक्त थोडी थरथरती. लोक वळले. दारात चांगुणाबाई उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. पांढऱ्या केसांवरचा पदर नीट होता आणि ओठ आवळलेले होते. त्यांनी पुन्हा घातली. आंब्याखालून उत्तर आलं. त्या घालत गेल्या, तो उत्तर देत गेला, आणि मग तो पानांतून उड्या मारत बाहेर आला, निम्म्या अंगणापर्यंत, मान वर करून, छाती काढून, आणि इतक्या लोकांसमोर डोकं मागं टाकून त्यानं शीळ घातली. कुणीतरी श्वास घेतला तो ऐकू आला. पक्ष्यानं पाठ फिरवली, निळा तुकडा एकदा चमकला, आणि पुन्हा पाचोळाच राहिला.

जगधने आईकडे पाहत होते. साकुरदऱ्यात शेळ्या घेऊन रानात गेलेल्या पोरांना दिवस मावळला की घरून शीळ ऐकू यायची, आणि धावत परतलं की ओट्यावर वडील कमरेवर हात ठेवून उभे असायचे. नवरंगाची हुबेहूब शीळ घालणारा बाप साऱ्या वाडीत त्यांचाच, याचा जगधन्यांना केवढा अभिमान होता. वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी त्यांनी हीच आठवण उभं राहून सांगितली होती, आणि जमलेली मंडळी रडली होती. चांगुणाबाई तर पुढच्याच रांगेत तोंडाला पदर लावून हलत होत्या.

"आई, तुला येते शीळ?" त्यांनी विचारलं.

"मलाच येती," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुझ्या दादांच्या तोंडातनं नुस्ती हवा निघायची. मी घरामागं हुबी राहून घालायची आन् ते म्होरं वट्ट्यावर हुबं राहायचे. सुनंनं शीळ घातल्याली सासूला चालली असती व्हय?"

"मग त्या दिवशी मी बोललो तेव्हा..."

"हसू आवरंना मला," त्या म्हणाल्या. "तू लई चांगलं बोलला. म्हनलं, जाऊ दे. जाताना त्यांना तेवढं तरी असू दे."

आणि त्या दारातच हसू लागल्या, अगदी पदर तोंडाला लावून, जशा त्या दिवशी हलत होत्या तशाच. पण या वेळी डोळ्यांतून पाणीही येत होतं आणि त्यातलं कुठलं कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. प्राचार्यांनी आपल्या हातांनी त्यांना खुर्ची दिली. स्पर्धा कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

ढाल दुसऱ्याच कॉलनीला गेली. परीक्षकांच्या शेऱ्यात कुंड्यांचं कौतुक होतं आणि एका घराच्या परसाबद्दल 'नियमात बसत नाही' एवढंच लिहिलं होतं. बिभीषणराव चार दिवस रुसले. पाचव्या दिवशी संध्याकाळी ते जगधन्यांच्या मागच्या अंगणात दिसले. चांगुणाबाई शिकवत होत्या. अश्विनीताईंना एक सूर जमला होता, दुसरा जमत नव्हता. बिभीषणरावांची कवळी आड येत होती. ती त्यांनी काढून खिशात ठेवली, पण मग कोणताच सूर लागेना, नुसती डेपोतून एसटी सुटल्यासारखी हवा निघाली. जगधन्यांनी फाटकावरची पाटी काढून आणली आणि बरीच रात्र होईस्तोवर विचार करून शेवटी कपाटामागं ठेवून दिली.

पक्षी मात्र तोवर गेला होता. एका सकाळी चांगुणाबाईंनी शीळ घातली आणि उत्तर आलं नाही. जगधने खट्टू होऊन पायरीवर बसले तेव्हा त्या म्हणाल्या की जायलाच पायजे, पावसाआधी त्याला घर बांधायचं असतंय, काटक्यांचं, पानांचं, एका कडेला दार ठेवून. मग म्हणाल्या, "मला बी ने. चार दिस."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून वाडीचं नाव निघालं नव्हतं. जगधन्यांनी त्याच दिवशी रजा टाकली. मॅनेजरांनी ती इतक्या तत्परतेनं मंजूर केली की जगधन्यांना पुन्हा एकदा थोडं वाईट वाटलं.

ते साकुरदऱ्याला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. ढग गडावर येऊन थांबले होते, पडत नव्हते. घराचं कुलूप गंजलं होतं. जगधने त्याच्याशी झटापट करत होते, प्रज्ञाबाई त्यांना कसं उघडायचं ते सांगत होत्या, आणि त्या गडबडीत चांगुणाबाई घराला वळसा घालून मागं गेल्या. तिथून पुढे ओढा, ओढ्यापलीकडे एक घर आणि मग रान. दोघं त्यांना शोधत मागं आले. चांगुणाबाई ओढ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. आता पुढं ओट्यावर उभं राहायला कुणी नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि शीळ घातली.

रानातून काही आलं नाही. आलं ते ओढ्यापलीकडच्या घरातून. दार करकरलं आणि त्यांच्याच वयाची एक वाकलेली म्हातारी, बनुबाई, काठी टेकत अंगणात आली, डोळ्यांवर हात धरून पाहू लागली.

"चांगुणे," तिनं हाक मारली, "कवा आलीस गं?"

चांगुणाबाई गांगरल्या. "तू कसं वळाखलं?"

"शिळंवरनं. दुसरं कोन घालतंय इथं?"

"म्हंजे तुला ठावं हुतं? मी घालत हुते त्ये?"

"साऱ्या वाडीला ठावं हुतं," बनुबाई म्हणाल्या. "तुझ्या सासूला बी. तीच म्हनायची, कुनी बोलू नगा तिला, तिच्या शिळंवर आपलीबी पोरं येळंवर घरी येत्यात."

चांगुणाबाईंनी सवयीनं चपला काढून हातात घेतल्या, लुगडं जरा वर धरलं आणि कोरड्या ओढ्यात उतरल्या. बनुबाई काठी टाकून पुढे आल्या. मधल्या एका धोंड्यावर दोघी बसल्या आणि एकदमच बोलू लागल्या, एकीचं दुसरीला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे.

रानात कुठंतरी दोन सूर वाजले. जगधने आणि प्रज्ञाबाई कान देऊन उभे राहिले. धोंड्यावरच्या दोघींचं तिकडे लक्ष नव्हतं.